साडेदहा तास आणि पाच शतकं

मध्ययुगावर कादंबरी लिहायची असेल तर माणसाने गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशापासून लांबात लांब राहावं. इथे राहून ते जमणार नाही. सकाळी नळ, दुपारी लाइट, संध्याकाळी कोणाची तरी तेरवी. या सगळ्यातून मान वर काढून पंधराव्या शतकाकडे पाहावं, तर तिथेही आपल्याच ओळखीचा कोणीतरी उभा असतो आणि विचारतो, "काहून जी, आमच्या घराण्याचं नाव नाही टाकलं?"

हे शहाणपण माझ्या मावसभावामुळे आलं. तो डेट्रॉइटला मोटारींच्या ब्रेकचा इंजिनियर आहे. दिवसा ब्रेक बनवतो आणि रात्री चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंडराजांवर कादंबरी लिहितो. त्या कादंबरीला मात्र ब्रेक नाही. मी वडशात झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि फावल्या वेळात या कादंबरीचं संशोधन खातं सांभाळतो. पगार नाही, ऋणनिर्देशात नाव येणार आहे. हिवाळ्यात आमच्यात साडेदहा तासांचा फरक असतो, म्हणजे मी दुकानाचं शटर वर करतो तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे अकरा वाजतात आणि त्याला पंधरावं शतक चढायला लागतं.

परदेशात बसून आपल्या मुलखावर ऐतिहासिक कादंबरी लिहिण्याची चाल तशी जुनी आहे. कर्नल मेडोज टेलरने निजामाच्या चाकरीत हयात घालवली, नळदुर्गाचा कारभार पाहिला आणि निवृत्त होऊन डब्लिनजवळ घर केल्यावर 'तारा' लिहिली. ती १८६३ साली आली. गोष्ट १६५७ची, तुळजापूरची ब्राह्मण मुलगी, विजापूरचा दरबार, शिवाजी महाराज, अफझलखान. खिडकीबाहेर आयर्लंडचा पाऊस, कागदावर बालाघाटचं ऊन. ग्रँट डफने साताऱ्यात जमवलेली कागदपत्रं घेऊन स्कॉटलंड गाठलं आणि तिथे मराठ्यांचा इतिहास पुरा केला, तो १८२६ला छापला गेला. सर वॉल्टर स्कॉटची तर कमालच. त्याने १८२७मध्ये हैदर आणि टिपूला गोष्टीत ओढलं आणि हिंदुस्थानात पाऊलसुद्धा टाकलं नाही. माझा भाऊ या थोर परंपरेतला आहे. त्या साहेबांना वडशात मावसभाऊ नव्हता, एवढाच फरक.

त्याची साधनंही बहुतेक साहेबांचीच. चांद्याच्या गोंडराजांची वंशावळ हवी तर मेजर ल्युसी स्मिथचा १८६९चा सेटलमेंट रिपोर्ट उघडावा लागतो. आडनावात ल्युसी असली तरी गृहस्थ मेजर होता. शेतसारा किती बसवायचा हे ठरवायला आला आणि जाता जाता आमचे राजे मोजून गेला. मग ग्रँटचं १८७०चं गॅझेटियर, मग १९०९चं चांदा जिल्ह्याचं. ही सगळी पुस्तकं भाऊ स्लीपर घालून, कॉफी पीत, लॅपटॉपवर वाचतो. इतिहासकार राजवाड्यांनी एकेका दप्तरासाठी गावोगाव पायपीट केली, वाड्यावाड्यांतल्या लोकांची बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे १८९८ला साधनांचा पहिला खंड निघाला. भावाला बोलणी फक्त बायकोची खावी लागतात, तीही हळू आवाजात, कारण पोरं झोपलेली असतात.

परिणाम असा की माझ्याच जिल्ह्याची माहिती मला मिशिगनहून मिळते. "दादा, वैरागडच्या किल्ल्याच्या बाजूने नदी कोणती जाते, माहीत आहे का?" असं तो विचारतो. मी आठवत असतो तेवढ्यात तोच सांगतो, "खोब्रागडी." वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त केली आहे, हेही त्यानेच सांगितलं. अकबराला आग्र्यात बसून वैरागड माहीत होतं, भावाला डेट्रॉइटमध्ये बसून माहीत आहे. आरमोरीच्या पुढे एसटीत झोप लागल्यामुळे ज्याला ते कधी नीट पाहता आलं नाही असा या यादीत मीच एकटा.

पण पीडीएफला वास नसतो, आणि तिथे माझी नेमणूक सुरू होते. चैत्रात एका सकाळी मेसेज आला : "मोहाच्या फुलांचा वास कसा असतो ते सविस्तर लिहून पाठव." मी लिहिलं, "मोहासारखा." त्यावर त्याने खेद व्यक्त करणारा चेहरा पाठवला. मग म्हणाला, पहाटे मोहाखाली जाऊन उभा राहा आणि जे जाणवेल ते लिही. आता वडसा वनविभागात पहाटे मोहाखाली जाऊन जे जाणवतं, त्यात पहिला वाघ. इथल्या बायाबापड्या पोटासाठी जीव मुठीत धरून फुलं वेचायला जातात, तेही घोळक्याने. कादंबरीतल्या एका परिच्छेदासाठी मी एकट्याने जावं, एवढं माझं साहित्यप्रेम ज्वलंत नाही. त्याचा नायक मात्र वैरागडहून चांद्याला रात्रीचा एकटा घोड्यावरून जातो, तोही गाणं म्हणत.

आणखी एकदा त्याला वैनगंगेचा आवाज हवा होता. "जानेवारीतला, संध्याकाळचा, खळाळ." मी मोबाइल घेऊन पुलाजवळ गेलो आणि रेकॉर्ड करून पाठवला. त्याने तीनदा ऐकला म्हणे. वर गोसीखुर्दचं धरण झाल्यापासून नदी खळाळायचं की नाही हे दारं उघडण्यावर असतं. खाली रेतीचे ट्रॅक्टर तेवढे बारमाही वाहतात. कादंबरीत शेवटी 'नदीकाठी दूरवर सैन्याची घरघर ऐकू येत होती' असं वाक्य आलं. रेकॉर्डिंग वाया गेलं नाही.

लांब राहणाऱ्याला अचूकतेचा आजार जडतो. गावात राहणारा बिनधास्त चुकतो, कारण काही झालं तरी तो इथलाच असतो. तिकडच्याला सारखी धास्ती, की एक तपशील घसरला आणि लोक म्हणतील, "याला काय माहीत, हा तर अमेरिकेतला." म्हणून तो शत्रूपेक्षा भाजीपाल्याला घाबरतो.

त्याचा राजा आहे खांडक्या बल्लाळशहा. परंपरा त्याला पंधराव्या शतकाच्या शेवटाकडे ठेवते. अंगभर फोड झालेला राजा, बल्लारपूरहून निघाला, झरपट नदीच्या डबक्यातल्या पाण्याने त्याची कातडी बरी झाली आणि तिथे अचलेश्वराचं ठाणं झालं. मग शिकारीत उलटाच प्रकार : ससा पुढे आणि कुत्रा मागे असायचा, तर कुत्रा पुढे पळतोय आणि ससा मागे लागलाय. राणी म्हणाली, ही जागा वीरांची आहे, सशाच्या वाटेवरून तट बांधा. चांद्याचा तट असा सशाने आखून दिला म्हणतात. जटपुरा गेटजवळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला ही दंतकथा लगेच पटते.

आता अडचण अशी, की वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ला. खांडक्या त्याच्या आधीचा. म्हणजे खांडक्याच्या राज्यात मिरची नाही. विदर्भातली कादंबरी आणि मिरची नाही! नायक रानात भाकरी-ठेचा खातो, हे वाक्य भावाने स्वतःच्या हाताने कापलं आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही. ठेच्याच्या जागी मिरी आणि पिंपळी आली. मी म्हटलं, हे जेवण आहे की सर्दीचं औषध? मग एकेक वस्तू जाऊ लागली. बटाटा गेला, टमाटर गेलं, शेंगदाणे गेले, पेरू गेला, मका गेला. सगळी मंडळी अमेरिका खंडातली. भावाचं दुःख त्यामुळे दुप्पट. तो म्हणाला, "दादा, मी आपल्या पदार्थांच्या आठवणीत इतकी वर्षं काढली, आणि ते सगळे इकडचे निघाले."

सर्वांत मोठा घाव एकादशीला बसला. राणी उपासाला साबुदाण्याची खिचडी करते, असा एक हळवा प्रसंग त्याने लिहिला होता. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचा, मिरची तिकडची. राणीच्या कढईत जिरं, तूप आणि मीठ एवढंच उरलं. राणीने निर्जळी केली.

खाण्यानंतर झाडांचा नंबर लागला. प्रेमप्रसंग गुलमोहराखाली होता. गुलमोहर मादागास्करचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. प्रेमिक साडेतीनशे वर्षं उन्हात उभे राहिले असते म्हणून त्यांना पळसाखाली हलवलं. राज्याभिषेकाच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा निघाला. हेर ज्या बेशरमाच्या झुडपामागे लपतो ते झुडूपही परकं. बेशरम परका आहे यावर मात्र आमच्या चौकातल्या एकाचाही विश्वास बसला नाही.

मग व्यसनं. लढाईच्या आधी नायक तळहातावर खर्रा घोटतो. आमच्याकडे हे इतकं नैसर्गिक आहे की मला त्यात काही खटकलंच नाही. पण खर्ऱ्यातली तंबाखू मुघल दरबारात पोचली सतराव्या शतकाच्या तोंडावर, विजापूरहून, असदबेग नावाच्या दूताच्या सामानातून. खर्रा बंद. मग मोहाची दारू तरी? ती चालेल, हजारो वर्षांची आहे. फक्त गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी असल्यामुळे नायकाने पिण्याचा प्रसंग वैनगंगेच्या पलीकडे ब्रह्मपुरीच्या बाजूला करावा, अशी सूचना मी केली. तो म्हणाला, तेव्हा दारूबंदी नव्हती. मी म्हटलं, वाचक आजचे आहेत.

हत्तींच्या बाबतीत मात्र नियतीने त्याची बाजू घेतली. रानटी हत्तींचा कळप धानाच्या बांध्या तुडवत जातो, असं त्याने कधीचं लिहून ठेवलं होतं. पुण्यातल्या एका जाणकाराने हस्तलिखितावर शेरा मारला : 'गडचिरोलीत रानटी हत्ती? अतिशयोक्ती.' २०२१मध्ये छत्तीसगडमधून खराच कळप जिल्ह्यात उतरला आणि धान तुडवत हिंडू लागला. ज्यांचं धान गेलं त्यांनी कपाळाला हात लावला. डेट्रॉइटहून मला बातमीचं कात्रण आलं, त्याखाली एकच शब्द : 'बघ.'

पहिली काही प्रकरणं मी दुकानात छापून लोकांना वाचायला दिली. ही चूक नव्हती, पण त्यानंतर दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि वारसदार जास्त येऊ लागले. या भागातले तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव मोठं. त्यांच्यातले एक पाटील येऊन म्हणाले, तलाव दोन पानांत खोदून झाला, एवढ्या लवकर पाळ तरी बसते का? आरमोरीवाल्यांना नायक आरमोरीचा हवा. वडसेकरांचं म्हणणं, की गडचिरोली जिल्ह्याला इतकी वर्षं रेल्वेचं तोंड दिसलं ते आमच्या स्टेशनवर, तेव्हा नायक वडशाचाच पाहिजे. पंधराव्या शतकात स्टेशन नव्हतं हे कोणी ऐकून घेईना. खरं तर आमच्या गाडीने चांद्याला गेलं की उतरायचं स्टेशनच 'चांदाफोर्ट'. रघुजी भोसल्यांना चांदा घ्यायला १७५१ साल उजाडलं, आम्ही तिकीट काढून रोज घेतो.

सर्वांत नेमकं बोलले ते गोंड समाजातले एक शिक्षक. त्यांनी प्रकरणं शांतपणे वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "राजा चांगला आहे जी. पण हा बोलते साताऱ्यावाल्यासारखा, जेवते पुण्यावाल्यासारखा, आणि देव पुजते तो आमच्या कोणाच्याच घरी नाही. खरं म्हणाल तर राजाचे फोड तेवढे गोंडी ठेवले तुम्ही." मी हे जसंच्या तसं कळवलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग त्याने विचारलं, सरांचा नंबर देतोस का. तेव्हापासून दर रविवारी तो त्यांच्याकडून गोंडी शिकतो. दरबारातले मुजरे गेले, जोहार आला, आणि राजा आता कमी बोलतो. माझ्या मते कादंबरीत झालेली ही एकमेव सुधारणा, कारण मिरची गेल्याने कोणाचंच भलं झालं नव्हतं.

डिसेंबरात तो स्वतः आला. चौदाशे नव्वदचं चांदा त्याला गल्लीबोळांसह पाठ, पण वडशात चौकातून घरी यायला गुगल लागला. वैरागडला नेलं. किल्ल्याच्या खंदकाशी तो बसला आणि माती चिमटीत धरून उन्हात पाहू लागला. शेळ्या चारणारा एक म्हातारा बराच वेळ बघत होता, शेवटी जवळ येऊन म्हणाला, "काय हरवलं जी?" चांद्याला मात्र तो खूश झाला. तटावरची झाडंझुडपं इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७पासून घाम गाळून साफ केली आहेत, त्यामुळे सशाची वाट स्पष्ट दिसते.

आणि मग मी त्याला नाटकाला नेलं. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : धानाची कापणी झाली, दिवाळी सरली, की होळीपर्यंत आमच्याकडे गावोगाव रात्रभर नाटकं होतात. त्या नाटकांच्या कंपन्यांची बुकिंग ऑफिसं वडशात ओळीने आहेत, माझं दुकान त्यातल्याच एकाच्या बाजूला. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबड्याच्या सुमारास पडतो. मधे गाणी, नाच, कॉमेडी. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुण्यांना २०२३ला पद्मश्री मिळाली. दिवसा गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर रात्रीच्या नाटकाला मुंगीला जागा मिळत नाही.

त्या दिवशी नेमकं ऐतिहासिक नाटक होतं. पडद्यावर महाल, महालात झुंबर. राजा आला तो मखमली अंगरख्यात, कमरेला तलवार, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा. राणीच्या गळ्यात झेंडूचा हार. भाऊ जागच्या जागी चुळबुळ करू लागला. मग कॉमेडीवाला शिपाई आला, त्याने राजाच्या ताटातला ठेचा चोरून खाल्ला आणि 'पाणी, पाणी' करत सगळ्या स्टेजभर नाचला. तीन हजार लोक हसून लोळत होते. माझ्या कानाशी भाऊ कळवळून पुटपुटला, "चौदाशे अठ्ठ्याण्णव!"

पुढच्या म्हाताऱ्या बाईने स्वेटरमधून मान वळवली. "चूप बस ना बापा. पाहू दे."

तो चूप बसला. तिसऱ्या अंकात राजकुमार मेला तेव्हा रडलाही. पाच वाजता शेकोटीजवळ चहा पिताना म्हणाला, थंडीमुळे डोळ्यांतून पाणी येतं. डेट्रॉइटला या दिवसांत बर्फ असतो.

सकाळी बुकिंगवाले भाऊ दुकानात आले. त्यांनी कादंबरीचा बोभाटा ऐकला होता. म्हणाले, पुढच्या सीझनला नाटक करू. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. बुकिंगवाल्यांनी बोटांवर मोजत अटी सांगितल्या. गाणी पाहिजेत. सासू-सून पाहिजे, राजघराण्यातली चालेल. "आणि भाऊ, हा फोडवाला राजा चालत नाही. फोडवाल्या राजाचं बुकिंग येत नाही."

"पण फोड हाच तर कथेचा गाभा आहे!"

"मग दुसऱ्या कोण्या राजाले घ्या ना. आपल्याकडे राजे कमी आहेत का? आणि ठेच्याचा सीन लागेल. आमचा कॉमेडीवाला ठेच्यावरच चालते."

भाऊ खूप वेळ गप्प राहिला. त्याच्या डोक्यात वंशावळ खाली सरकताना मला दिसत होती : खांडक्या, हिरशहा, बाबाजी, आणखी खाली. शेवटी तो म्हणाला, बीरशहा. औरंगजेबाच्या काळातला. दुसऱ्या लग्नाच्या गर्दीत हिरामण नावाच्या एकाने त्याचा खून केला म्हणतात. मागे राहिलेल्या राणी हिराईने समाधी बांधली, राज्य चालवलं. बुकिंगवाले टेबलावर हात आपटून म्हणाले, "लगन, खून, राणी! हे पहिलेच काहून नाही सांगितलं जी?"

आणि बीरशहाच्या काळापर्यंत मिरची हिंदुस्थानात येऊन चांगली रुळली होती. तंबाखूसुद्धा. म्हणजे खर्रा परत आला.

भाऊ डेट्रॉइटला परतला आणि पहिल्या पानापासून पुन्हा लागला. दोन शतकं एकदम खाली उतरल्यामुळे त्याला वाचायचं खूप आहे, मला हुंगायचं. कालच त्याने कळवलं, की झेंडू चालेल, पेरू चालेल, पण गुलमोहर अजूनही नाही, आणि हिराईला उपासाला साबुदाणा कुठल्याही परिस्थितीत मिळणार नाही, हे कंपनीला लेखी कळव. मी बाजूच्या ऑफिसात जाऊन सांगितलं.

बुकिंगवाले भाऊ पोस्टरचा मजकूर तपासत होते. वर न बघता म्हणाले, "उपासच काढून टाका."